साथीच्या काळात हुकूमशाही बरी का? एका साथरोग अधिकाऱ्याचं उत्तर

प्रश्न असा आहे: "चीननं दहा दिवसांत हॉस्पिटल बांधलं, शहरं कुलूपबंद केली आणि करोना आटोक्यात आणला. आपल्याकडे नुसत्या बैठका आणि टीव्हीवरची भांडणं. मग साथीच्या काळात हुकूमशाहीच बरी, असं म्हणायचं का?"

माझं उत्तर नाही असं आहे. पण म्हणून लोकशाही आपोआप पास होते असंही नाही. ब्राझीलचं उदाहरण पुढे येईलच. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात माझी सगळी नोकरी गेली. गॅस्ट्रो, लेप्टो, डेंग्यू, स्वाइन फ्लू, आणि निवृत्तीच्या तोंडावर करोना. या कामातून माझं एक मत पक्कं झालंय. साथीत सरकार कुठल्या जातकुळीचं आहे हे नंतर बघावं. आधी दोन गोष्टी बघाव्यात: खालच्या माणसाला वाईट बातमी वर कळवायची भीती वाटते का, आणि वरचा पैसा नि अधिकार खालपर्यंत वेळेत पोचतो का. बाकीचं बरंचसं यातूनच निघतं.

हॉस्पिटलचा मुद्दा आधी निकालात काढू. वुहानमधलं हुओशेनशान हे सुमारे १००० खाटांचं रुग्णालय खरंच दहाएक दिवसांत उभं राहिलं. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएनं मे २०२० मध्ये साधारण तेवढ्याच खाटांचं जम्बो केंद्र काही आठवड्यांतच उभं केलं होतं, ते आपण विसरतो. मांडव कुणीही घालतो, अडतं ते डॉक्टर आणि नर्सवर. मुंबईत मनुष्यबळ इतकं कमी पडलं की सेव्हन हिल्स रुग्णालयासाठी केरळहून डॉक्टर-नर्सचं पथक बोलवावं लागलं. तेव्हा बांधकामाच्या वेगावरून राजवटीला गुण देऊ नका.

आता वुहान. इथे जरा थांबावं लागेल, कारण आमच्या धंद्यातल्या माणसाला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं जे आहे ते लॉकडाउनच्या आधीच्या तीन आठवड्यांत घडलं.

२००३ च्या सार्सनंतर चीननं चूक ओळखली होती. संसर्गजन्य आजाराचा रुग्ण दिसला की रुग्णालयानं तो संगणकावर नोंदवायचा आणि ती नोंद थेट बीजिंगला दिसायची, अशी यंत्रणा त्यांनी उभारली. कागदावर आमच्या आयडीएसपीपेक्षा, म्हणजे आपल्या देशातल्या रोग सर्वेक्षण कार्यक्रमापेक्षा, ती सरस होती. आमच्याकडे त्या काळात उपकेंद्राचा एस फॉर्म, डॉक्टरचा पी फॉर्म, प्रयोगशाळेचा एल फॉर्म आठवड्यातून एकदा गोळा करायचे, कुणाचा राहिला तर फोन करून मागायचा. पण डिसेंबर २०१९ मध्ये वेगळाच न्यूमोनिया दिसू लागला तेव्हा चीनची ती झकपक यंत्रणा बाजूला राहिली. स्थानिक आरोग्य खात्याच्या मंजुरीचा फेरा आडवा आला.

३० डिसेंबरला डॉ. ली वेनलियांग या नेत्रतज्ज्ञानं आपल्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर "सार्ससारखं काहीतरी आहे, जपून राहा" अशा अर्थाचा निरोप टाकला. ३ जानेवारीला पोलिसांनी बोलावून, अफवा पसरवल्याबद्दल त्याच्याकडून समज मिळाल्याच्या कागदावर सही घेतली. १८ जानेवारीला वुहानच्या बाइबुटिंग वस्तीत चाळीस हजारांवर कुटुंबांची सामुदायिक मेजवानी झाली. २० जानेवारीला झोंग नानशान या ज्येष्ठ डॉक्टरनं टीव्हीवर सांगितलं की हा आजार माणसापासून माणसाला होतो. २३ तारखेला शहर बंद. तोपर्यंत पन्नास लाख माणसं शहराबाहेर गेली होती, हे महापौरानंच सांगितलं. हेच महापौर झोऊ शियानवांग २७ जानेवारीला सरकारी वाहिनीवर म्हणाले की स्थानिक सरकार म्हणून मला परवानगी मिळाल्याशिवाय माहिती जाहीर करता येत नाही. डॉ. ली ७ फेब्रुवारीला करोनानंच गेले.

महापौरांचं ते वाक्य माझ्या दृष्टीनं अख्ख्या प्रकरणाचं सार आहे. ते वाईट माणूस होते असं मला वाटत नाही. ज्या व्यवस्थेत वाईट बातमी आणणाऱ्याच्या वार्षिक गोपनीय अहवालात वाईट शेरा पडतो, त्या व्यवस्थेत प्रत्येक पायरीवरचा माणूस बातमी थोडी सौम्य करून वर पाठवतो. चार पायऱ्यांनंतर वरच्या साहेबाला जे पोचतं त्यात साथच नसते.

चीनचं श्रेय मात्र नाकारू नये. एकदा बीजिंगनं ठरवल्यावर ७६ दिवस वुहान बंद ठेवून त्यांनी पहिली लाट खरोखर मोडली. २०२० मध्ये त्यांच्याकडे माणसं वाचली. पण साथीची परीक्षा एका पेपरात संपत नाही. ज्या यंत्रणेला पहिली बातमी ऐकू आली नाही तिला शेवटचीही आली नाही. "शून्य कोविड" हे धोरण सर्वोच्च नेत्याच्या नावाशी जोडलं गेलं, मग ओमायक्रॉनसमोर ते टिकत नाही हे कोण सांगणार? २०२२ च्या वसंतात अडीच कोटींचं शांघाय घरात कोंडलं. २४ नोव्हेंबरला उरुमचीत एका इमारतीला आग लागून दहा जण गेले, निर्बंधांमुळे सुटका अडली असं लोकांचं म्हणणं होतं, आणि तरुण पोरं कोरे कागद हातात धरून रस्त्यावर आली. ७ डिसेंबरला सगळं एकदम सैल केलं. तीन वर्षं हातात होती, तरी ऐंशीच्या वरच्या कितीतरी लोकांचा बूस्टर राहिलाच होता. पुढच्या पाच आठवड्यांत फक्त रुग्णालयांतले जवळपास ६० हजार मृत्यू त्यांनी स्वतःच जाहीर केले.

यावरून "एकपक्षीय राजवट म्हणजे नापास" असं सूत्र काढाल तर व्हिएतनाम ते मोडतं. तिथेही एकच पक्ष. पण ३० जुलै २०२० पर्यंत तिथे करोनाचा एकही मृत्यू नोंदला गेला नव्हता. २००३ मध्ये सार्स रोखल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलेला पहिला देश तोच. गावपातळीपर्यंत आरोग्य कर्मचारी, संपर्क शोधायची जुनी सवय. पुढे २०२१ मध्ये डेल्टानं हो ची मिन्ह शहर झोडपलं हेही खरं.

तैवान आणि दक्षिण कोरिया या दोन लोकशाह्यांची गोष्ट मला जास्त शिकवणारी वाटते, कारण दोघांनीही आधी मार खाल्लेला होता. कोरियात २०१५ ला मर्स हा सार्सच्या जातीचा आजार आला. १८६ रुग्ण, ३८ मृत्यू. सरकारनं सुरुवातीला रुग्ण कुठल्या रुग्णालयांत आहेत ती नावं दडवली, आणि तिथूनच आजार पसरत राहिला. लोक भडकले, कायदा बदलला, माहिती उघड करणं बंधनकारक झालं, साथीत खासगी कंपन्यांच्या टेस्ट किटना झटपट मंजुरी द्यायची सोय झाली. २०२० ला हे सगळं तयार होतं. एवढंच नाही, त्यांनी १५ एप्रिल २०२० ला, साथीच्या ऐन भरात, मास्क आणि हातमोजे घालून संसदेची निवडणूकही पार पाडली. माहिती दडवली तर मतदार फटका देतो, हे तिथल्या अधिकाऱ्यांनी एकदा पाहिलं होतं.

तैवान तर जागतिक आरोग्य संघटनेचा सदस्यही नाही. तरी ३१ डिसेंबर २०१९ पासूनच वुहानहून येणाऱ्या विमानांत चढून त्यांनी प्रवासी तपासायला सुरुवात केली. आरोग्यमंत्री चेन शिह-चुंग रोज पत्रकारांसमोर बसायचे आणि प्रश्न संपेपर्यंत उठायचे नाहीत. एप्रिलमध्ये एका मुलाला गुलाबी मास्क मिळाला, वर्गात चिडवतील म्हणून तो घालायला तयार नव्हता, अशी तक्रार आली. दुसऱ्या दिवशी मंत्री आणि सगळे अधिकारी गुलाबी मास्क लावून पत्रकार परिषदेला. कुणाला हे नाटक वाटेल. मला नाही वाटत. घरातली बारीक तक्रार एका दिवसात मंत्र्यापर्यंत जाते आणि उत्तर परत येतं, म्हणजे ताप आल्याची बातमीही त्याच वाटेनं जात असणार.

आणि श्रीमंत लोकशाह्या? ऑक्टोबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य सुरक्षा निर्देशांक प्रसिद्ध झाला. साथीसाठी सर्वात सज्ज देश कोणते, तर पहिला अमेरिका, दुसरा ब्रिटन. चार महिन्यांत त्या यादीची काय गत झाली ते सगळ्यांनी बघितलं. अमेरिकेत सीडीसी या केंद्रीय रोग नियंत्रण संस्थेचं टेस्ट किटच सदोष निघालं, दुसऱ्या प्रयोगशाळांना परवानगी मिळायला फेब्रुवारी संपला, आणि मग व्हेंटिलेटरसाठी राज्यं एकमेकांविरुद्ध बोली लावत बसली. त्याच देशानं लस मात्र वर्षाच्या आत आणली. प्रयोगशाळा, पैसा, कंपन्या सगळं होतं. पण वरच्या नेत्याला ऐकायचं नव्हतं आणि गावपातळीवरचं सार्वजनिक आरोग्य कित्येक वर्षं उपाशी ठेवलेलं होतं.

ऐकायचं नसलेला नेता ही साथीतली एक वेगळीच आपत्ती. इथे ब्राझील आणि टांझानिया शेजारी ठेवून बघा. ब्राझीलचे बोल्सोनारो करोनाला किरकोळ फ्लू म्हणायचे. लढणारा आरोग्यमंत्री काढला, दुसरा महिनाभरात सोडून गेला, तिसरा लष्कराचा जनरल आणला. जून २०२० मध्ये सरकारी संकेतस्थळावरून एकूण आकडेच काढून टाकले. पण तिथे पाच-सहा माध्यमसंस्थांनी एकत्र येऊन राज्यांकडून रोज आकडे गोळा करायला सुरुवात केली, सर्वोच्च न्यायालयानं आकडे परत टाकायला लावले, राज्यांना निर्बंध लावायचा अधिकार आहे हेही न्यायालयानंच ठणकावलं. साओ पाउलो राज्याच्या बुटांटान संस्थेनं लस मिळवली आणि देशातली पहिली लस १७ जानेवारी २०२१ ला तिथे टोचली गेली. एवढं होऊनही माणसं भरपूर मेली. त्याच महिन्यात मानाउसमध्ये ऑक्सिजन संपला होता. लोकशाहीची ही किंमत लपवण्यात अर्थ नाही. टांझानियात मात्र राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी एप्रिल २०२० अखेर आकडे देणंच बंद केलं. देश ५०९ रुग्णांवर थांबला, कागदोपत्री. धोरण बदललं ते मार्च २०२१ मध्ये मागुफुली वारल्यावर, सामिया सुलुहू हसन आल्या तेव्हा. एकीकडे आडमुठ्या नेत्याला वळसा घालायला वाटा होत्या, दुसरीकडे एक माणूस मरेपर्यंत थांबावं लागलं. राज्यपद्धतीचा फरक मला इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो.

आता आपल्याकडे येऊ. आपण मराठी लोकांनी तर दोन्ही पद्धती एकाच कायद्याखाली पाहिल्यात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरनं प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये चार कलमांचा साथरोग कायदा आला आणि त्याच्या जोरावर पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीनं गोरे शिपाई घराघरात घुसवले. देवघरापर्यंत बूट, सामानाची होळी, बायकांची उघड्यावर तपासणी. त्याचा परिणाम काय झाला? लोक रोगी माळ्यावर लपवू लागले, गाव सोडून पळू लागले, आणि प्लेग त्यांच्याबरोबर गेला. २२ जून १८९७ ला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिने. मुंबईत मार्च १८९८ मध्ये दंगल उसळली. त्यानंतर इंग्रज सरकारच वरमलं. सक्ती सैल झाली, जातीजमातींची आपापली रुग्णालयं चालू द्यायला लागले, हाफकिनची लस ऐच्छिक ठेवली. ज्या सरकारला कुणाचं मत नको होतं त्यालाही शेवटी लोकांशी बोलावंच लागलं.

१२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये तोच कायदा आम्ही कपाटातून काढला. आणि २४ तारखेला रात्री आठ वाजता जाहीर झालेला देशव्यापी लॉकडाउन बारा वाजता लागू झाला. आरोग्य हा राज्यांचा विषय, पण राज्यांना विचारायला वेळ नव्हता म्हणे. मजुरांचं पुढे काय झालं ते करमाडच्या रेल्वेरुळांनी मे महिन्यात दाखवलं, पायी गावी निघालेले १६ जण तिथे मालगाडीखाली गेले. निवडून आलेलं सरकारही असा हुकूम काढू शकतं, हे प्रश्नकर्त्यानं लक्षात घ्यावं.

मुंबईची गोष्ट वेगळी घडली, आणि ती जूनमध्ये सुधारली. आधी सगळे फोन १९१६ या एकाच नंबरवर यायचे. शहर कोलमडलं. मग पालिकेनं काम २४ वॉर्डांच्या वॉर रूममध्ये वाटून दिलं: प्रयोगशाळेचा अहवाल आधी पालिकेकडे, तिथून ज्याच्या त्याच्या वॉर्डात, वॉर्डातून फोन आणि खाट. अहवाल रुग्णाला आधी द्यायचा नाही यावर आक्षेपही आले, ते रास्तच होते. पण खाटेचा निर्णय वॉर्डातल्या डॉक्टरकडे आल्यामुळे आमदाराच्या फोनवर खाट मिळायचं प्रमाण घटलं. एप्रिल २०२१ मध्ये एका रात्रीत सहा रुग्णालयांतला ऑक्सिजन संपत आला तेव्हा १६८ रुग्ण हलवता आले, ते कुठे खाट आहे हे माहीत होतं म्हणून. पुढे सर्वोच्च न्यायालयानंही दिल्लीला मुंबईकडून शिका असं सांगितलं.

धारावीचं कौतुक तर जगभर झालं. मी ते थोडं हातचं राखून करेन. जी उत्तर वॉर्डानं खासगी दवाखान्यांतल्या डॉक्टरांना सोबत घेतलं, सार्वजनिक संडास दिवसातून अनेकदा धुतले, शाळांत विलगीकरण केलं, हे अव्वल काम. पण जुलै २०२० च्या सेरो सर्वेक्षणात, म्हणजे किती जणांना संसर्ग होऊन गेला हे रक्त तपासून बघणाऱ्या पाहणीत, मुंबईतल्या तीन वॉर्डांच्या झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या. धारावी त्यात नव्हती, तरी विषाणू गल्लीबोळांत आपल्या माहितीपेक्षा खूप पुढे गेला होता हे त्यातून कळतं.

ग्रामीण भागातलं उदाहरण हवं तर नंदुरबार. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असताना, सप्टेंबर २०२० मध्येच, ऑक्सिजन प्रकल्प बसवायला घेतला. जिल्हा नियोजनाचा पैसा, आपत्ती निधी, कंपन्यांचा सीएसआर म्हणजे सामाजिक कामाचा निधी, जिथून मिळेल तिथून. दुसऱ्या लाटेत शेजारचे जिल्हे टँकरच्या मागे धावत होते तेव्हा हा आदिवासी जिल्हा तगून राहिला. मंत्रालयाचा हिरवा कंदील येईपर्यंत थांबले असते तर?

आणि आता वाईट बातमीबद्दल, जी मी स्वतः पाहिली. संध्याकाळचा रिपोर्ट. लाइनलिस्टमध्ये, म्हणजे रुग्णांच्या यादीत, नाव, वय, पत्ता, दाखल तारीख, मृत्यूची तारीख आणि शेवटी "इतर आजार" असा रकाना. एका खासगी रुग्णालयाचे मृत्यू दोन-तीन दिवस उशिरा यायचे. ते नोंदवले की फोन वाजायचा. "मॅडम, आज एकदम सात कसे? कालपर्यंत तर दोन होते." मग पत्त्यावर घासाघीस. रुग्ण राहायला शेजारच्या जिल्ह्यात, उपचार आमच्याकडे. मृत्यू कुणाच्या खात्यात? दोन्हीकडचे डेटा ऑपरेटर तो एकमेकांकडे ढकलायचे, आणि तोवर तो कुणाच्याच यादीत नसायचा. "इतर आजार" रकान्यात मधुमेह लिहिला की काही साहेबांच्या जिवात जीव यायचा, जणू माणूस साखरेनं गेला. हे कुठल्या एका अधिकाऱ्याचं पाप नव्हतं, रोज जिल्ह्यांची क्रमवारी टीव्हीवर लावली की हे होणारच. १६ जून २०२० ला राज्यानं ताळमेळ घालून जुने १३२८ मृत्यू एका दिवसात जाहीर केले. त्या दिवशी चॅनेलवाल्यांनी झोडपलं. मला विचाराल तर त्या वर्षातला तो आमच्या खात्याचा सर्वांत चांगला दिवस होता.

खरं सांगणारा वाईट दिसतो, हे केरळच्या बाबतीतही झालं. २०२१ च्या मध्याला देशातले निम्मे रुग्ण केरळात, म्हणून त्यांची खिल्ली उडत होती. मग चौथं राष्ट्रीय सेरो सर्वेक्षण आलं. संसर्ग किंवा लस यांमुळे अँटिबॉडी असलेले लोक मध्य प्रदेशात ७९ टक्के, महाराष्ट्रात ५८, केरळात ४४. केरळात साथ कमी पसरली होती, फक्त मोजली नीट जात होती. तिथे १९९६ पासून पंचायतींच्या हातात योजनेचा मोठा पैसा आहे, २०१८ च्या निपाहचा अनुभव होता, आशाताईच्या शब्दाला वजन होतं. मृत्यूंच्या नोंदीत मात्र तेही मागे होते, पुढे त्यांनाही हजारो मृत्यू मागाहून जोडावे लागले.

मृत्यूंचा हिशेब शेवटी उघडला तो पैशानं. सर्वोच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे वारसांना ५० हजार रुपये द्यायचं ठरलं. गुजरातचे अधिकृत मृत्यू होते १० हजारांच्या आसपास, अर्ज आले ८९ हजारांवर. आपल्याकडे महाराष्ट्रात मृत्यू एक लाख ४१ हजार, अर्ज दोन लाखांच्या पुढे. काही दुबार असतील, व्याख्याही सैल केली होती, हे मान्य. पण वर जाणारी बातमी खालच्या माणसाच्या फायद्याची झाली की ती किती पटकन जाते, ते बघा. न्यायालय, माहितीचा अधिकार, स्मशानांत जाऊन मोजणारे वार्ताहर, हे सगळं साथीच्या काळात अधिकाऱ्याला फार त्रासदायक वाटतं. मलाही वाटायचं. तरी त्यांच्याशिवाय हे आकडे कधीच बाहेर आले नसते.

तेव्हा पुढच्या साथीत आपलं काय होईल याचा अंदाज घ्यायचा असेल तर दिल्ली की बीजिंग हे सोडा आणि आपल्या तालुक्यात चौकशी करा. तालुका आरोग्य अधिकाऱ्याचं पद भरलेलं आहे की "अतिरिक्त कार्यभार" आहे? प्रयोगशाळा तंत्रज्ञ कंत्राटी आहे का, त्याचा पगार किती महिने थकलाय? गेल्या पावसाळ्यातल्या डेंग्यूचे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवले का? शहरात राहत असाल तर, मुंबई पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर कित्येक वर्षं तिथे प्रशासकच होता, तसं तुमच्याकडे किती काळ होतं आणि त्या काळात वॉर्डातली तक्रार कुणाकडे जात होती, तेही विचारा.